समुद्रातली कावेरी

तुळजाजीरावांचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला उगाच भला माणूस समजाल.

बेझंट नगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही वरती. एग्मोरला रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, वय त्रेसष्ट, बायको वारलेली, डायबेटिस वीस वर्षांचा जुना. मूळचे तंजावरचे मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले ते तिथलेच झाले, भाषा मात्र घरात जपून ठेवली. रोज सकाळी साडेपाचला पंचा खांद्यावर टाकून ते समुद्रावर जात आणि तासभर पोहून येत. सुनामीनंतर अख्खं शहर लाटेला घाबरत होतं, तेव्हाही हा गृहस्थ चाळीस दिवसांत परत पाण्यात.

मी सांगलीचा. कृष्णेत पोहायला शिकलो, कॉलेजात पोहण्याची बक्षिसं घेतली. चेन्नईत सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होतो. समुद्राच्या पाण्याचे नमुने आणायचे आणि त्यात मैल्याचे जंतू किती आहेत ते मोजायचं, हे माझं काम. रोज ते आकडे बघून समुद्रात उतरायची माझी इच्छाच मेली होती. बक्षिसं कपाटात आणि पोट पुढे, अशी अवस्था.

माझी मुलगी कीर्ती तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला पोहायला मीच शिकवणार, असा माझा हट्ट होता. दोन महिने क्लबच्या तलावात मी ओरडत राहिलो आणि ती माझ्या गळ्याला मिठी मारून रडत राहिली. मग ती तुळजाजीरावांबरोबर, म्हणजे तिच्या अप्पांबरोबर, समुद्रावर जायला लागली आणि चौथ्या रविवारी पाण्यावर उताणी तरंगली. त्यांनी काय केलं असं विचारलं, तर म्हणाली, अप्पा काहीच करत नाहीत, नुसते शेजारी उभे राहतात. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मराठीत विचारलं की मला इंग्रजीत उत्तर देणारी ही पोरगी त्यांच्याशी मराठीत गप्पा मारायला लागली, आणि तीही त्यांच्या जुन्या मराठीत. जेवताना एकदा "भात पोदुम, आता ताक अहे का?" म्हणाली; पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. माझी बायको विद्युलता हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी, दोन हजार सातच्या पावसाळ्यातली गोष्ट. इथला खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. तमिळ पंचांगात तेव्हा ऐप्पसी महिना असतो, आणि तंजावरकडे तो महिनाभर रोज सकाळी कावेरीत स्नान करतात. तुळजाजीरावांच्या आईने एक दिवस कधी चुकवला नव्हता. चेन्नईत कावेरी कुठून आणणार? ते म्हणायचे, कावेरी शेवटी समुद्रातच येते, मग मी समुद्रात स्नान करतो. एरवी पाऊस असला की घरी बसणारे तुळजाजीराव या एका महिन्यात काही झालं तरी स्नान चुकवत नसत.

आमच्या किनाऱ्यापासून अर्ध्या तासाच्या चालीवर अड्यार नदीचं मुख आहे. बराच काळ ते वाळूने बुजलेलं असतं. जोराचा पाऊस झाला की वाळू फुटते आणि गावभरची घाण समुद्रात येते. त्या वर्षी मंगळवारी ती फुटली. शुक्रवारी आमच्या किनाऱ्याच्या पाण्याचे आकडे माझ्या हातात होते. विश्वास बसेना म्हणून मी पुन्हा मोजले.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर तुळजाजीराव जिन्याच्या पायरीवर बसले होते. शिंपला लागून त्यांचा तळपाय कापला होता. शुगरमुळे त्यांना ते कळलंही नव्हतं. फरशीवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. खाऱ्या पाण्याने आपोआप साफ होईल, असं त्यांचं म्हणणं. कीर्ती खाली बसून त्या पायाला पट्टी बांधत होती. माझं डोकं दुखतंय का, हे तिने मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. पट्टी बांधून ती वर गेली, तेव्हा तुळजाजीरावांनी विचारलं,

"कृष्णकांतराव, तुमच्या लॅबात पाणी कसं अहे? उद्या जाऊं ना?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

वर येऊन कीर्तीला सांगितलं की सोमवारपासून तुझ्या चाचण्या आहेत, आठवडाभर समुद्र बंद.

रविवारी फाटकाची कडी वाजली, तेव्हा मी जागाच होतो. सोमवारीही वाजली, मंगळवारीही. उठून खिडकीतून एक हाक मारायची होती, तेवढंच. नाही मारली. आज परत येतील आणि काही झालेलं नसेल, असं स्वतःला सांगत अंथरुणात पडून राहिलो. गुरुवारी त्यांना ताप भरला आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, शुगर, उघडी जखम आणि घाण पाणी. पाय काढावा लागेल असं दिसतं. आठ दिवस सगळे त्या पायाकडे बघत होते. शेवटी दोन बोटं काढली आणि पाय वाचला.

नवव्या दिवशी कीर्तीला घेऊन गेलो. रिक्षात तिने विचारलं, "बाबा, तुम्ही तर पाणी तपासता. तुम्हाला माहीत नव्हतं?" चक्क मराठीत विचारलं. मी रस्त्याकडे बघत बसलो. म्हणून तिने तोच प्रश्न खाटेजवळ जाऊन अप्पांना विचारला.

तुळजाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. 

"सांगितलं होतं गं त्यांनी. जाऊं नका म्हणाले. मीच ऐकलं नाही, ऐप्पसी अहे म्हणून." मग हसून म्हणाले, ऐप्पसी संपली की दुसऱ्या दिवशी लंगड्याचं स्नान असतं, उशिरा पोचणाऱ्यासाठी देवाने राखून ठेवलेलं, पुढच्या वर्षी मी त्याच दिवशी जाईन.

कीर्ती त्यांच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेली. तेव्हा ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी लेकराला पाठवलं नाहीत. तेव्हांच मला समजायला हवं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

कीर्ती परत आली, माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात हातात घेतला. "सॉरी बाबा," म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सांगितलंच नाही." दोन वर्षांनी माझी मुलगी माझ्याजवळ आली होती, आणि तीही त्यांनीच दिलेली. खाटेवर पडल्यापडल्या, दोन बोटं गमावून. मला त्या माणसाचा तेव्हाही हेवा वाटला.

खरं सांगायला ती वेळ होती. मी तिचा हात घट्ट धरला आणि गप्प बसलो.