आडवी ठेवलेली चामखीळ

रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत मेणकाकांनी एकतीस वर्षांत एकही चूक केली नव्हती. ही माहिती कुणाला शोधावी लागत नसे. काका ती न विचारता, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर पुरवत. काम तसं साधं. वरून माणसाच्या अंगाचा एखादा तुकडा यायचा. काका तो वितळलेल्या मेणात बसवायचे, मेण थिजलं की यंत्रावर पापुद्र्यासारखे काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे आणि मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. डॉक्टर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून निदान लिहीत. म्हणजे मेणाचं काम खाली, मानाचं वर.

कातडीचा तुकडा मेणात कडेवर उभा ठेवायचा, म्हणजे कापात वरपासून खालपर्यंतचे थर दिसतात, हा तिथला पहिला धडा. नव्या माणसाला काका तो तीन-तीन दिवस घोकायला लावत. निवृत्तीला आठवडा उरला होता, 'निष्कलंक सेवे'चं प्रमाणपत्र छापायला गेलं होतं. त्याला चौकट कसली शोभेल हे नोंदणीच्या बाईंना समजावण्याच्या भरात काकांनी एका शिंपीणबाईंच्या बोटावरची चामखीळ मेणात चक्क आडवी झोपवली.

डॉक्टरांनी काच पाहिली आणि लिहून टाकलं: त्वचेचा कर्करोग, बोट काढावे.

अहवाल घ्यायला शिंपीणबाई प्रयोगशाळेच्या खिडकीशी आल्या. वरच्या मजल्यावर त्यांना सगळं कळलं होतं. "काका, उजव्या हाताचंच का हो? डाव्याचं घ्या ना एखादं! या बोटावर माझं घर चालतं."

"सही राहिलीय, उद्या या," असं खोटंच सांगून काकांनी बाईंना परत पाठवलं आणि काच स्वतः पाहिली. पेशी फुगलेल्या, प्रत्येकीच्या आत रिकामं पांढरं कडं, त्यात मनुक्यासारखं सुरकुतलेलं केंद्रक, शेजारी लालभडक गोळे. ही सोंगं विषाणूची. चामखिळीचा विषाणू शिरला की पेशी असे चाळे करतातच. मग कर्करोगात दिसतात तशी, खोलवर शिरलेली पेशींची बेटं कुठून आली? भाजीची जुडी आडवी कापली की देठांच्या सुट्या चकत्या दिसतात, तशी आली. कापणारा कोण, हे काकांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी मेण वितळवलं, तुकडा उभा केला, पुन्हा काप काढले. पेशींचे देठ सगळे वरच्या थराला जोडलेले, जिथल्या तिथे होते. नवी काच गुपचूप ठेवून निसटायचा विचार त्यांच्या मनात आला, नाही असं नाही. पण दोन काचा दोन गोष्टी सांगू लागल्या, तर डॉक्टर आपल्या सहीवरच विश्वास ठेवणार, हे ते जाणून होते. ते दोन्ही काचा घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"पहिल्या काचेतल्या खोल पेशी कुठं गेल्या मग?" डॉक्टरांनी विचारलं. "फिरायला?"

"साहेब, तुकडा मी आडवा ठेवला होता. चूक माझी."

"तुमची? तुमची तर होत नाही ना!"

डॉक्टरांनी दोन्ही काचा पुन्हा पाहिल्या, आणि मग त्यांना हे सगळं आधीपासूनच वाटत होतं असं निघालं. नवा अहवाल झाला: 'विषाणूजन्य चामखीळ. तंत्रज्ञाच्या चुकीमुळे आधीचे निदान रद्द.' डॉक्टरांच्या डोळ्यांबद्दल त्यात अर्थातच अवाक्षर नव्हतं. संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्रातला 'निष्कलंक' जाऊन तिथे 'दीर्घ' आला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खिडकीत उभ्या उभ्या अहवाल दोनदा वाचला. त्या मटकन खाली बसतील, रडतील, हात जोडतील, अशी काकांनी मनाची तयारी केली होती.

"हा तंत्रज्ञ कोण?"

"मी."

"तुम्ही? डोळ्याला डोळा लागला नाही माझा! गिऱ्हाइकांचे कपडे परत केले मी, माहितीये? जनाची नाही, मनाची तरी!" पट्टी बांधलेलं ते बोट काकांच्या नाकासमोर वर-खाली नाचत होतं, ताठ, तिन्ही पेरांसकट.

काका त्याच्याकडे डोळे भरून बघत राहिले. "बोला बाई," ते म्हणाले, "अजून बोला."