मंदाबाईचा लाल आणि जावेचा कोळसा

मंदाबाईला दोन गोष्टींची पक्की खात्री आहे. कोशाच्या रेशमी सुताला तिच्यासारखा लाल रंग कोणाला चढवता येत नाही, आणि धाकटी जाऊ ज्योत्सना भारी दिखाऊ आहे. पहिली गोष्ट खरी. दुसरीबद्दल मी बोलत नाही, चहा मला दोन्ही घरी मिळतो.

दोघींच्या रंगाच्या भट्ट्या एकाच अंगणात, मध्ये तुराट्यांचं कूड. रंगाचं पाणी नालीतून थेट तलावात जायचं. एके सकाळी मासेमार सोसायटीचा फकिरा आला. पाणी साफ करून सोडा, नाही तर पोळ्यानंतर नाली बुजवतो, म्हणाला. नाली बुजली की भट्टी बंद, आणि भट्टीसोबत मंदाबाईचा लालही.

मंदाबाईने त्याला शिव्या घातल्या. ज्योत्सना मात्र भंडाऱ्याला पाणी साफ करायच्या प्रशिक्षणाला गेली आणि सरबतवाल्यांनी फेकलेल्या बेलाच्या कवट्या पोत्यात भरून परतली. त्या वाळवून, रसायनात भिजवून, झाकण लिंपलेल्या डब्यात भाजून तिने कोळसा केला, धुतला, ड्रममध्ये भरला. वरून रंगाचं पाणी ओतलं, खालून नितळ निघालं. फकिराने ते ओंजळीत धरून पाहिलं आणि गल्लीसमोर तिला हुशार म्हणाला. त्या दिवशी मंदाबाई जेवली नाही. उपास आहे, म्हणाली. कोणत्या देवाचा, ते तिलाही सांगता आलं नाही.

कोळसा घेऊन जा, असा ज्योत्सनाचा निरोप आला. त्यावर मंदाबाई म्हणाली, "मी मेलो तरी माही तिरडी तिच्या दारावरून नोका नेऊ."

पण कुडाच्या फटीला तिचा डोळा लागलेलाच. पलीकडे कोळशाचे दोन ढीग होते. एक उन्हात उघडा, दुसरा ताडपत्रीखाली, वर दगड. आता मंदाबाईच्या घरात चांगली वस्तू झाकूनच असते: तूप, लोणचं, लग्नाचा शालू. ज्योत्सना बाजाराला गेली तशी हिने कूड सरकवून ताडपत्रीखालचा ढीग आपल्या ड्रमात भरला.

पोळा झाल्यावर फकिरा तपासायला आला तेव्हा गल्ली जमली. मंदाबाईने पदर खोचून भट्टीतलं सोड्याचं गरम पाणी ओतलं. ओतलं ते लाल. निघालं ते लाल, जांभळं आणि हिरवं.

तो वापरलेला कोळसा होता. पावसात त्यातला रंग तलावात जाऊ नये म्हणून झाकलेला. गरम सोड्याने तो सगळा सुटला. आणि हिरवा रंग गल्लीत ज्योत्सनाच करते, मंदाबाई त्याला हातही लावत नाही.

फकिरा फावडं आणायला निघाला. ज्योत्सना नुकतीच बाजारातून येत होती. तिने त्या हिरव्याकडे पाहिलं, मग जावेकडे.

"फकिराभाऊ, मीनंच चुकून जुना कोयला देला. उद्या पाहा."

फकिरा थांबला. मंदाबाईला मात्र नाली बुजली असती तर बरं, असं झालं. गल्ली पांगल्यावर ज्योत्सना कुडाशी आली आणि हळूच म्हणाली, "जाऊबाई, नवा कोयला नेजा. पन तुमचा लाल कसा चढते, ते सांगा."

म्हणजे तीही इतकी वर्षं जळतच होती!

मंदाबाईने सांगितलं. एक वस्तू सोडून सगळं सांगितलं.

आज दोन्ही भट्ट्यांचं पाणी नालीत नितळ वाहतं, फकिरा खूश आहे. ज्योत्सनाचा लाल विटेसारखा उतरतो, म्हणून आता फटीला डोळा तिचा असतो. मंदाबाईला ते ठाऊक आहे. तिने भट्टीशेजारी एक मडकं ठेवलंय, ताडपत्रीने झाकून, वर दगड. त्यात साधं विहिरीचं पाणी आहे.