सगळ्यात जड दांडी

आमच्या तांबड्या गाडीमुळे माझं मुख्याध्यापिकेचं पद हुकलं, असं मी चारचौघांत सांगते. ते खोटं आहे. गाडीचा काही दोष नव्हता. दांडी मी निवडली होती.

गाडी यांनी घेतलेली. (हे म्हणजे माझे पती, गिरणीत मेंटेनन्स इंजिनीअर.) कुठल्याशा जहागीरदाराच्या नातवाला ती विकायची होती. दोन दारं, कापडी टप, बसायची जागा जमिनीपासून वीतभर वर. स्पोर्ट्स कार! तीही सोलापुरात! आत शिरताना लुगडं सावरायचं आणि बाहेर पडताना कोणाला तरी हाक मारायची. शिवाय वळणावर ती अशी झुके की माझी पर्स यांच्या मांडीवर जाई, आणि पर्सच्या मागोमाग मी.

तेवढ्यात बार्शीहून पत्र आलं. आमच्या शाळेच्या संस्थेचं कार्यालय तिथे. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी सोमवारी अकरा वाजता मुलाखत. उमेदवार दोनच: एकोणीस वर्षं विज्ञान शिकवणारी मी, आणि माझ्याहून आठ वर्षांनी मागून आलेल्या चित्रकलेच्या शेटेबाई.

"सकाळच्या एसटीनं जाऊ," हे म्हणाले. (हो, हेच म्हणाले!)

"मुख्याध्यापिका होणारी बाई एसटीतून उतरणार? गाडीनं जायचं. तेवढं ते झुकणं थांबवा."

झुकणं थांबवायला एक पोलादी दांडी मिळते. तिला स्वे बार म्हणतात. डाव्या-उजव्या चाकांना ती एकमेकांशी जोडते आणि गाडीला वळणावर कलू देत नाही. यांनी पुण्याच्या एका जुन्या सामानवाल्याकडून तीन दांड्या पसंतीला आणल्या: एक बोटाएवढी, एक अंगठ्याएवढी, आणि एक लाटण्याएवढी. शुक्रवार पेठेतल्या नरसय्या मिस्त्रीच्या फळीवर त्या मांडल्या.

सोलापूरच्या बाईला निवड शिकवावी लागत नाही. चादर घेताना आम्ही रंग नंतर बघतो. आधी दोन्ही हातांवर घेऊन तोलतो. जड ती चांगली. मी तिन्ही दांड्या तशाच तोलल्या आणि लाटणं उचललं.

नरसय्याने कपाळाला हात लावला. "अक्का, ही चादर न्हाय की! लई जाड नका घेऊ. ही दोनी चाकांना एकात बांधती. एक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला बी हिसका बसतंय."

"नरसय्या, मॅट्रिकच्या मुलींना ताण आणि पीळ मी शिकवते."

"शिकवा की. पण रस्ता बार्शीचा हाय."

यांनी मधल्या दांडीला हात घातला. "अगं, मला वाटतं, ही..."

"वाटण्यावर वस्तू घेऊ नये."

"सायेब?" नरसय्याने विचारलं.

"घाल बाबा ती," हे म्हणाले. (वीस वर्षांच्या संसारात शिकलेलं एवढं एकच वाक्य.)

सोमवारी पेठेच्या वळणावर गाडी तसूभरही झुकली नाही. "बघा!" मी म्हटलं. त्या गाडीतलं माझं शेवटचं पूर्ण वाक्य ते. जकात नाका ओलांडला आणि डांबराची एकच पट्टी उरली. समोरून ट्रक आला की डावं चाक खाली मातीत उतरवायचं. पूर्वी नुसतं डावं चाक आपटे. आता डाव्याबरोबर उजवंही ओढलं जाई, आणि अख्खी गाडी भिजलेल्या कोंबडीसारखी अंग झटके. माझं डोकं टपाच्या लोखंडी कमानीला लागे, मग यांच्या खांद्याला, मग पुन्हा कमानीला.

"जरा हळ..."

"हळूच चाल..."

"अहो, थां..."

"थांबू?"

"नको! अकरा वा..."

वैरागच्या अलीकडे खाटकन आवाज झाला. दांडी शाबूत होती. (जड ती चांगलीच!) तिनं स्वतः न वाकता गाडीचा तळ उचकटला होता आणि एक टोक रस्त्यात रुतलं होतं. तेवढ्यात शेजारून एसटी गेली. खिडकीत शेटेबाई. त्यांनी हात हलवला.

मागून कडब्याची बैलगाडी आली. गाडीवान खाली वाकून बघत राहिला. "पावणं, ह्यो नांगर हितं का लावलाय?"

"अहो, मला अकराला बार्शीत पोचायचंय!" मी ओरडले.

"अकराला? मग काल निघायचं की, बाई!"

यांना गाडीपाशी सोडून मी त्याच्या बैलगाडीतून वैराग गाठलं, तिथून दुसरी एसटी. सव्वा वाजता मी संस्थेत शिरले तेव्हा अंबाड्यात कडबा होता आणि समितीचे तिघे जेवायला उठत होते. अध्यक्ष कसेबसे परत बसले. "बाई, एवढा उशीर?"

'गाडी बंद पडली' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द! पण मी खडू मागितला. फळ्यावर दोन चाकं काढली, मध्ये दांडी काढली, बाण काढले, पीळ कुठून कुठे जातो ते दाखवलं. दांडी जितकी जाड तितकी ती कमी पिळते, म्हणून हिसका पलीकडे जास्त, हे डस्टर पिळून समजावलं. पंधरा मिनिटं कोणी हललं नाही. एका सभासदाने आकृती वहीत उतरवून घेतली.

अध्यक्षांनी हात जोडले. "बाई, आयुष्यात पहिल्यांदा मला विज्ञानातलं काही कळलं! तुम्हाला वर्गातून काढून कचेरीत बसवणं म्हणजे मुलींवर अन्याय."

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. शेटेबाईंना वर्गातून काढल्याने कोणावरही अन्याय होत नव्हता, तेव्हा खुर्ची त्यांना मिळाली.

एकोणीस वर्षांत एवढा उत्तम तास मी कधी घेतला नव्हता, आणि घेतला तो नेमका नापास होण्यासाठी!