पहिल्या ओळीवरचं श्री

घशाचं ऑपरेशन झालं आणि माझा गाण्याचा आवाज गेला. बोलले तर समोरच्याला ऐकू जातं, पण घोगरं. अंबरनाथचा डॉक्टर म्हणाला, "येईल हळूहळू." माझं वय बघूनही हळूहळू म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

दुसरी कोणी असती तर चाललं असतं. पण मी धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई लागते. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं, आणि ते गायलं नाही तर विधी झाला असं आमच्यात कोणी मानत नाही. बदलापूर गावात आणि आजूबाजूच्या गावांत मी चाळीस वर्षं गायले. सगळं डोक्यात. शाळा चौथीपर्यंत, आणि गाण्यासाठी वही कधी लागलीच नाही. नेमका आवाज गेला तो माझ्या नातीच्या लग्नाला दीड महिना उरलेला असताना.

घरच्या बायकांना गाता येत नाही असं नाही. मी ओळ टाकली की त्या उचलतात. पण ओळ टाकणारी नसेल तर पुढचं कोणाला माहीत नसतं. माझ्या जावेला चार गाणी येतात, तीही एकमेकांत मिसळलेली. ती म्हणाली, "मोबाइलवर लावू गो काय तरी." मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

नात पुण्याला कॉलेजात गणित शिकवते. रविवारी घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, सगळं लिहून काढ. पुस्तिका छापू. बायकांच्या हातात देऊ."

"माझं अक्षर मलाच वाचता येत नाही."

"हाताने नको. टाईप कर. मोबाइलवर आत्याशी भांडताना एवढाले मेसेज टाकतेस ना!"

ते खरं होतं.

तिने तिचा जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला आणि कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. पडद्याचे दोन भाग. डावीकडे आपण लिहायचं, उजवीकडे छापलेलं पान दिसतं. ती कॉलेजचे पेपर ज्यात लिहिते तेच हे, लाटेक. यात अक्षर मोठं करायचं तर मोठं करत बसायचं नाही, मोठं कर अशी आज्ञा लिहायची. आज्ञेच्या आधी एक उलटी तिरकी काठी. काठी नसली की मशीन आज्ञेलाच गाणं समजतं आणि छापून टाकतं. पहिल्या दिवशी माझ्या पानावर गणपतीच्या गाण्याच्या मधोमध इंग्रजीत 'सेंटर' छापून आलं होतं.

इंग्रजी मला येत नाही, एबीसीडी तेवढी ओळखते, पण शब्द लागतात दहा-बाराच. त्यांचे आकार मी पाठ केले. बिगिन लिहिलं की खाली कुठेतरी त्याचंच एंड हवं. हे मला सांगावं लागलं नाही. मांडवातला विधी उघडा ठेवून धवलारीण उठत नाही.

जाऊ रोज दुपारी पान लावत शेजारी बसायची. "मशीन आता धवला गानार काय गो?"

"तुझ्यापेक्षा बरंच गाईल."

पण खरी मजा दुसऱ्या रविवारी आली. हळदीचं गाणं लांबलचक आहे. आधी आई येते, हळद लावते, चार ओळी. मग काकी येते, त्याच चार ओळी. मग मावशी, आत्या, मामी, आजी, बहीण. एक नातं बदलतं, बाकी तेच. मी काकीपर्यंत टाईप करून बोटं चोळत बसले होते. नात म्हणाली, "एवढं कशाला? एकदाच सांग आणि नातं बदल." तिने त्या चार ओळींना एक छोटं नाव दिलं आणि नात्याची जागा रिकामी सोडली. आता मी ते नाव लिहायचं, महिरपी कंसात 'मावशी' लिहायचं, की उजवीकडे मावशीच्या चार ओळी हजर. मी आत्या लिहिलं. आत्या आली. मामी आली. मी पालेगावची चुलत आत्याही घातली, कारण ती गाण्यात आली नाही तर वर्षभर तोंड फिरवते.

"बस कर, आजी," नात म्हणाली. "माझ्या अंगावर जागा उरणार नाही."

मी इतकी हसले की घसा दुखला.

मग नात पुण्याला गेली. जाताना म्हणाली, "आता तू एकटीने नवी फाईल कर. मांडवाची." ते मी सोमवारी केलं आणि पान उमटेना. लाल अक्षरांत काहीतरी आलं. फोनवर नातीला एकेक अक्षर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बिगिन डॉक्युमेंट नाही म्हणतंय."

"आहे. मी बघतेय."

"स्पेलिंग?"

"जुन्या फाईलीत आहे तस्संच."

मंगळवारी मी सगळं पुसून परत लिहिलं. तेच. बुधवारी तेच. छापखानेवाल्याला शनिवारी द्यायचं होतं, नाहीतर हळदीच्या आधी पुस्तिका हातात येणार नव्हती. जाऊ म्हणाली, "मी चार गाते, बाकीचं जाऊ दे." ते ऐकून मला तापच आला.

बुधवारी संध्याकाळी परत फोन. नात म्हणाली, "पहिल्यापासून वाच."

फाईल जिथून सुरू होते त्या डॉक्युमेंटक्लास आज्ञेपासून एंडपर्यंत मी सगळं वाचलं.

"सगळं बरोबर आहे गं. मशीन पहिल्याच ओळीवर अडतंय. डॉक्युमेंटक्लास कितव्या ओळीवर आहे? डावीकडे आकडा दिसतो बघ."

"दोन."

"मग एकवर काय आहे?"

"काही नाही. श्री."

मग फोनमधून असं हसू आलं की जावेनेही पान चघळायचं थांबवलं.

आता कोऱ्या कागदावर वर श्री घातल्याशिवाय मी जन्मात काही लिहिलेलं नाही. किराण्याच्या यादीवरही घालते. आणि वाचताना श्री कोणी वाचत नाही, ते असतं तिथे. पहिली फाईल नातीने स्वतः उघडून दिली होती, म्हणून तिला ते नव्हतं. ही माझी, म्हणून हिला होतं. मशीनचं म्हणणं एवढंच की बिगिनच्या आधी छापायचं अक्षर नको. तीन दिवस मी त्याला खोटारडं म्हणत होते.

"काढून टाक," नात म्हणाली.

"श्री काढणार नाही. तुझ्या लग्नाचा कागद आहे."

"बरं बाई. मग त्याच्या आधी टक्क्याची खूण टाक. मशीन ती ओळ सोडून देतं. श्री राहील, फक्त छापलं जाणार नाही."

"त्याला बघायचं नसेल तर नको बघू दे. मला दिसतंय ना."

टक्का टाकला. मांडवाचं पान उजवीकडे उमटलं, सरळ, सारखा समास सोडून. बिगिनच्या खाली मी दुसरं श्री घातलं, छापायचं. ते मधोमध आलं.

शनिवारी मी आणि जाऊ उल्हासनगरला गेलो. लग्नपत्रिका छापणारा सिंधी दुकानदार, त्याने पेन ड्राइव्ह लावला आणि चष्मा वर केला. "अम्मा, ये किसने सेट किया? लाइन एकदम बराबर है."

"मैंने."

"नहीं, मतलब कंप्यूटर पे किसने?"

"मैंनेच," मी म्हटलं. जाऊ मध्येच म्हणाली, "हिनेच केलाय, मी बसले होते ना बाजूला." जणू अर्धं तिने केलं होतं. दुकानदाराला अक्षर बारीक वाटलं. मी म्हटलं डॉक्युमेंटक्लासच्या ओळीतला आकडा बदल, सगळं मोठं होईल. त्याला ते उघडता येत नव्हतं. नातीला फोन लावला, पुस्तिकेची प्रत तिच्याकडेही होती, तिने पुण्याहून नवी फाईल पाठवली. सगळी पुस्तिका एका आकड्याने मोठी झाली.

हळदीला अंगणात तीसेक बायका होत्या. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगमधल्या देशावरच्या दोघी शेजारणीही आल्या होत्या, ज्यांनी धवला कधी ऐकला नव्हता. सगळ्यांच्या हातात पुस्तिका. पहिलं गाणं जावेने उचललं आणि तिसऱ्या ओळीला सवयीने भलत्याच गाण्यात शिरली. मी ताटलीवर चमचा वाजवला. गाणं थांबलं. मी चार बोटं दाखवली, पान चार. तीस पानं एकदम उलटली आणि बायका परत सुरू झाल्या, त्या हळद उतरेपर्यंत थांबल्या नाहीत. शेजारणी सगळ्यांत जोरात. पालेगावची आत्या स्वतःच्या ओळी दोनदा गायली. नवरीने गायचं नसतं, तरी नात पिवळ्या तोंडाने ओठ हलवत होती. मी तिला डोळे वटारले. तिने जीभ काढली.

आवाज माझा नव्हता, पण ओळ एकही गळली नाही.

जाऊ घामाघूम होऊन माझ्याजवळ बसली. "पुढच्या साली माज्या नातवाचं. त्याला परत सगला लिवशील?"

"सगळं कशाला? नवरीच्या जागी नवरा. एका ठिकाणी बदलायचं."

"मग आताच बदल."

"आधी हात धू," मी म्हटलं. "पुस्तिकेला हळद लावलीस."