जावेचा धड घोटा

माझा पाय मुरगळला तेव्हा माझी जाऊ माझ्या पुढे धावत होती. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याआधीचे कित्येक महिने ती माझ्या मागे असायची आणि मला ते आवडायचं.

रविवारी पहाटे उठून तुंगारेश्वरच्या डोंगरात धावायला जायचं, हे खूळ आमच्या घरात मी आणलं. वालीवला एका प्लास्टिकच्या कारखान्याच्या ऑफिसात मी दिवसभर खुर्चीत असते. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा नकाशा आणि कंपास चालवायला शिकले होते, ती विद्या तशीच पडून होती. चाळिशी उलटल्यावर मला ओरिएंटिअरिंग हा खेळ कळला. यात जंगलाचा नकाशा हातात देतात. त्यावर ओळीने खुणा केलेल्या असतात आणि प्रत्येक खुणेच्या जागी, कुठे ओढ्याच्या वळणाला तर कुठे खडकाआड, एक नारिंगी-पांढरं निशाण लावलेलं असतं. ते शोधायचं, तिथल्या पंचने आपल्या कार्डाला भोक पाडायचं आणि पुढच्या निशाणाकडे पळायचं. सगळी भोकं पाडून जो लवकर परत येईल तो जिंकला. हा खेळ कोणीतरी माझ्यासाठीच काढलाय असं मला वाटलं.

अडचण एकच होती. जानेवारीतल्या शर्यतीत बायकांचा गट जोडीचा होता. मग मी समोरच्या दारातली माझी धाकटी जाऊ ओढली.

गोखिवऱ्याला आमचे दोन फ्लॅट एकाच मजल्यावर, समोरासमोर आहेत. सासूबाई दोन्ही घरांतून वावरतात आणि दोन्हीकडच्या चहाला नावं ठेवतात. जाऊ माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, साताऱ्याकडच्या खेड्यातली. शाळेत असताना खो-खो खेळायची, तालुक्यापर्यंत गेली होती. लग्न झालं, मुलगी झाली आणि ते सगळं सुटलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, मला नकाशातलं ओ का ठो कळत नाही."

"नकाशा मी बघते. तू फक्त माझ्या मागे पळ."

ती मागे पळायला लागली. पहिले काही आठवडे चढावर धापा टाकायची. मी वर थांबून "ये, ये, घाई नाही" म्हणायचे. त्या "घाई नाही"त किती सुख होतं ते तेव्हा कळलं नाही. मग पावसाळा संपता संपता तिच्या पायांना त्यांचं जुनं काही आठवलं असावं. एका रविवारी तिने उतारावर मला मागे टाकलं, आणि पुढे जाताना म्हणाली, "सॉरी हां ताई, पाय थांबतच नाहीत."

त्यानंतरच्याच एका रविवारी, ओढ्यातल्या गोट्यांवरून तिला गाठायच्या नादात माझा डावा पाय दगडावरून निसटला आणि घोट्यातून कट् असा आवाज आला. तो आवाज मला पोटात ऐकू आला. ती वळून धावत आली, माझा पाय बघितला, आणि काही न विचारता पाठमोरी खाली बसली.

"बसा पाठीवर."

"वेडी आहेस का? माझं वजन सोसणार नाही तुला."

"उसाच्या मोळ्या वाहिल्यात मी. बसा."

तिने मला डांबरी रस्त्यापर्यंत पाठीवरून आणलं. घोटा ठणकत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि तशातही माझं लक्ष तिच्या श्वासाकडे होतं. तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती.

लिगामेंट अर्धवट फाटलं होतं. धावणं बंद. पुढे आचोळ्याच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे जायला लागले. त्यांनी पाय इकडेतिकडे वाकवून बघितला आणि विचारलं, "शर्यत कधी आहे?"

"जानेवारीत."

"मग शर्यतीचं विसरा. रोज पाय हवेत धरून अंगठ्याने बाराखडी लिहा. हळूहळू, पूर्ण अक्षरं. घोटा सगळ्या दिशांना फिरतो."

त्याच संध्याकाळी जाऊ मटकीची उसळ घेऊन आली. "ताई, तुम्ही बऱ्या होईपर्यंत मीपण नाही जाणार," ती म्हणाली. आता मी थोरली. थोरलीला जे बोलायला हवं ते मी बोलले. "अजिबात नाही. एवढी तयारी झालीय, वाया का घालवतेस? दुसरी जोडीदारीण बघ." मला वाटलं होतं ती निदान दोनदा तरी नको म्हणेल. तिने एकदाच म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिला जोडीदारीण मिळालीसुद्धा. विरारच्या एका शाळेत पीटी शिकवणारी, पंचविशीतली, हरणासारखी मुलगी.

तेव्हापासून रविवार मला नकोसा झाला. पहाटे समोरचं दार उघडायचं, लिफ्टचा आवाज यायचा. मी पलंगावर पडून डावा पाय वर धरायचे आणि क का कि की लिहायचे. नवरा कूस बदलून म्हणायचा, "झोप की थोडी." मी ख खा खि खी वर जायचे. नऊ-साडेनऊला ती परत यायची. दाराबाहेर तिचे बूट दिसायचे, लाल मातीने भरलेले, लेसमध्ये कुसळं अडकलेली. कोणी बघत नाही असं बघून मी एकदा त्यातलं एक कुसळ ओढून काढलं आणि बोटांत धरून बसले. मला रडू आलं. बाईमाणसाने दुसरीच्या दागिन्यांवर, साडीवर जळावं हे मला समजतं. मी कुसळावर जळत होते.

एकदा बाराखडी लिहिता लिहिता माझ्या पायाने हवेत लिहिलं, "पडू दे तिला." सगळी अक्षरं नीट, काना-मात्रेसकट. पायाने लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही हे बरं आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला मी शिकवत होते. दर शनिवारी ती नकाशाचा कागद घेऊन आमच्या डायनिंग टेबलाशी बसायची. उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की चढ कसा उभा, लांब गेल्या की सपाटी कशी. ओढा कुठे फुटतो, डोंगराची सोंड कुठे उतरते. ती मन लावून ऐकायची, पटकन धरायची. नकाशा मी बघते असं म्हणणारी मीच तिला नकाशा देत होते, आणि शिकवताना मला खरोखर छान वाटायचं. ती दारातून बाहेर पडली की पुन्हा जळणं सुरू.

"कुठे गोंधळ झाला की काय करायचं?" मी तिला विचारायचे.

"पाय थांबवायचे आणि नकाशा फिरवायचा."

"आणि पळत सुटलीस तर?"

"चूक लांब जाईल."

एका शनिवारी ती सहज म्हणाली, "ती मुलगीपण नकाशा चांगला बघते, ताई. पटकन कळतं तिला." त्यावर मी विचारलं, "उंची केवढी तिची?" त्याचा नकाशाशी काय संबंध ते मला आजही सांगता येणार नाही. मग निघताना तिने माझा कंपास मागितला. एनसीसीतला नाही, नंतर मी स्वतः घेतलेला, चांगला. मी तो ड्रॉवरमधून काढून दिला आणि म्हटलं, "दोरी नीट बांध, हरवशील." सासूबाई बाजूला पालेभाजी निवडत होत्या. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "एवढं कशाला करतेस तिचं? तोंड तर बघ तुझं, कारलं खाल्ल्यासारखं झालंय."

डिसेंबरात सूज पूर्ण उतरली. नवरा संध्याकाळी स्कूटरवरून सुरुच्या बागेपाशी समुद्रावर नेऊन सोडायचा. ओल्या वाळूत अनवाणी चालायचं, मग कोरड्या वाळूत. फिजिओबाई म्हणाल्या, "चाला हवं तेवढं. पळायचं नाही." तिथेच माझ्या डोक्यात आलं, की शर्यतीत एक खुला गटही असतो. एकट्याने जायचं, वेळेचं बंधन सैल, चाललं तरी चालतं. मी नाव नोंदवलं. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, "पुढच्या वर्षी असेलच की शर्यत." सासूबाई म्हणाल्या, "बरा झालेला पाय परत मोडून आण, म्हणजे झालं." जावेला मी सांगितलं नाही, आणि बाकीच्यांनाही सांगू नका म्हटलं. का, ते नीट माहीत नव्हतं. तिला माझ्यासाठी वेग कमी करायची संधी द्यायची नव्हती, एवढं खरं.

शर्यतीची जागा पारोळच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या माळावर आणि टेकड्यांत होती. जोड्या आधी सुटल्या. मी आडोशाला, नवऱ्याने आणलेल्या मोटारीत बसून होते. त्या दोघी सुटताना मला दिसल्या. त्या मुलीच्या पोनीटेलमागे माझ्या जावेची वेणी. मग माझी पाळी आली; खुल्या गटाची वाट आखूड, निशाणं कमी. घोट्याला पट्टी, हातात काठी.

सांगते, मी फार सुंदर चालले. धावता येत नसलं की चूक परवडत नाही, म्हणून प्रत्येक पाऊल आधी नकाशावर टाकलं. साग उघडा पडला होता, खाली पानांचा खच, त्यावर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज. पहिली सगळी निशाणं मला जिथे असायला हवी तिथेच मिळाली. त्यात एक वेगळा आनंद होता, आणि तो कोणाशी वाटून घ्यायचा नव्हता हेही बरं होतं.

मग दोन ओढे जिथे मिळतात तिथे मी करवंदीच्या जाळीआड, दगडावर बसून पट्टी घट्ट करत होते. धप धप पावलं आली. त्या दोघी. मिळणाऱ्या जागेपाशी क्षणभर थबकल्या आणि डाव्या ओढ्यात शिरल्या. निशाण उजवीकडच्या ओढ्यात होतं. शर्यतीत दुसऱ्याशी बोलायला बंदी आहे. नसती, तरी मी बोलले असते का, कोण जाणे. मी गप्प बसले, आणि उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं मला छातीत गार गार वाटलं.

वरून आवाज आले.

"अगं चल ना, इथेच असणार," ती मुलगी म्हणत होती. "वेळ जातोय."

"थांब," माझी जाऊ म्हणाली. "काहीतरी चुकतंय."

"चल तर! पुढे बघू."

"नाही. आधी पाय थांबव. ताई म्हणतात, पळत सुटलीस तर चूक लांब जाईल. नकाशा फिरव इकडे."

मग कागद फिरवल्याची सळसळ आली. 'नको कळू दे,' असंच माझ्या मनात होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "हा बघ, हा चढ उभा आहे. आपला ओढा पलीकडचा." पावलं खाली आली. जाळीला वळसा घालताना तिने मला पाहिलं आणि जागच्या जागी खिळली.

"ताई! तुम्ही? पाय?"

मी ओठांवर बोट ठेवलं. ती एवढी मोठ्याने हसली की ती मुलगी दचकली. मग दोघी उजव्या ओढ्यात चढल्या आणि दिसेनाशा झाल्या. जाताना जाऊ माझ्यासमोरून ज्या दगडांवरून उड्या मारत गेली ते दगड मला ओलांडायला काठी आणि बरीच मिनिटं लागली. माझं डोकं तिच्या पायांवर बसून पुढे निघून गेलं होतं, आणि उरलेलं अंग घेऊन मी मागून येत होते. अभिमान वाटायला हवा होता म्हणतात. वाटला असेल थोडा. त्याच्यावर बरंच काही रचलेलं होतं.

मी सगळी भोकं पाडून परत आले तेव्हा मंडप सोडायला लागले होते. त्या दोघी बायकांच्या जोड्यांत दुसऱ्या आल्या होत्या. जाऊ गळ्यात पदक घालून माझी वाट बघत उभी होती. तिने धावत येऊन मला मिठी मारली. तिच्या घामाला जंगलाचा वास येत होता.

परतताना मोटारीत मागच्या सीटवर आम्ही दोघीच. वालीव नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक बोलायचं होतं. पुढच्या वर्षीही आपणच जोडी करू या का, असं ती मुलगी विचारत होती. मी हो म्हटलंय."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

"रागावलात?"

"हो."

तिला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. "मग नाही म्हणू का तिला?"

"नाही. तुझी तिच्याबरोबर जोडी चांगली जमते. मी बघितलं ना."

"मग रागावलात कशाला?"

"मला तुझा हेवा वाटतो म्हणून," मी म्हटलं. "पाय मुरगळल्यापासून वाटतोय. रोज."

पुढे बसलेल्या नवऱ्याने रेडिओचा आवाज उगाच वाढवला. तिने गळ्यातलं पदक काढून मांडीवर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "वाटतो तर वाटू दे. पण शनिवारचं बंद नका करू. नकाशा अजून निम्माच कळलाय मला."

"बघू," मी म्हटलं.

शनिवारचं बंद झालं नाही. मार्चमध्ये फिजिओबाईंनी मला चढावर हळू धावायची परवानगी दिली. आता मी एकटीच्या गटात उतरणार आहे, आणि रविवारी जाते तीही एकटी, त्या दोघी निघून गेल्यावर. गेल्या रविवारी मी वर जात होते आणि त्या खाली येत होत्या. जाऊ न थांबता, हात हलवत म्हणाली, "वर गार वारा सुटलाय, ताई, मस्त आहे." मी मान हलवली आणि चढत राहिले. मागे वळून पाहिलं नाही. पण तिची पावलं उतारावर किती वेगाने जातायत ते मी ऐकत होते, ऐकू येणं थांबेपर्यंत.