रस्त्यावरून ठरवलेली किंमत

संचालक जीपमधून उतरलेच नाहीत. इंजिन चालू ठेवले. कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेचे ते संचालक, लाकडाच्या वखारीचे मालक. माझी इमारत तारण घ्यायची की नाही, हे त्यांच्या पाहणीवर ठरणार होते. मी खुर्च्या मांडल्या होत्या. पत्नीने चहासाठी दूध वेगळे काढले होते. त्यांनी बसल्या जागेवरून मान वर केली.

“बांधलंयस झकास. पर उद्या तू बुडालास तर आमी ह्ये इकायचं कुणाला? तुमच्या जातीच्या घरात ऱ्हायला येणार कोण?”

शेजारचा कारकून हसला. मी हात जोडून उभा होतो. ते जोडलेले हात मला आजही दिसतात.

ही गोष्ट साठीच्या दशकातली. वडील कातडी कमावत. मी चामड्याचा व्यापार केला, आणि भाड्याने देण्यासाठी दुमजली इमारत बांधायला काढली. खालच्या खोल्या झाल्या. वरच्या मजल्याच्या भिंती उभ्या राहिल्या आणि भांडवल संपले. पावसाळ्यापूर्वी छत घातले नाही तर भिंती जाणार होत्या.

बँकेने मोकळ्या जागेची तेवढी किंमत धरली. इमारतीची शून्य.

मग संचालकांनी वखारीवर बोलावले. बसायला सांगितले नाही. त्यांचा प्रस्ताव सरळ होता. इमारत त्यांच्या नावावर करावी. कर्ज ते काढतील, हवे तेवढे मिळेल. भाडे वसूल करायला मला पगारावर ठेवतील.

तुमच्या नावावर झाली की गिऱ्हाईक मिळेल का, असे मी विचारले.

“तर! रांग लागंल की.”

त्याच भिंती. तोच दगड. त्यांच्या नावावर सोने, माझ्या नावावर माती. शून्य इमारतीला दिलेलेच नव्हते. मला दिले होते.

“न्हाय द्यायची,” मी म्हणालो. निघताना नमस्कार केला नाही. आयुष्यात प्रथमच.

त्या पावसात वरचा मजला कोसळला. मी कोणाकडे गेलो नाही. खालच्या खोल्या भाड्याने दिल्या आणि त्या भाड्यातून भिंती पुन्हा उभ्या केल्या. त्यात काही वर्षे गेली.

पुढे बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आमच्या भागात सरकारी बँकेची शाखा निघाली. तिचा अधिकारी धारवाडकडचा, मराठी मोडकेतोडके. तो खोली-खोलीत फिरला, भाडेकरूंशी बोलला, येणाऱ्या भाड्यावर छतासाठी कर्ज मंजूर करून गेला. त्याने उपकार केले नाहीत. त्याचे काम केले. एवढेच मला हवे होते.

ते कर्ज फिटत आले तेव्हा त्याच इमारतीवर मी पुन्हा कर्ज काढले, पहिल्यापेक्षा मोठे. त्यातून घर घेतले. संचालकांच्या गल्लीत, त्यांच्या दारासमोर. एका विधवा बाईंना ते विकून पुण्याला मुलाकडे जायचे होते. गल्लीतले निम्म्या भावात मागत होते. मी पूर्ण भाव दिला.

त्या घरातल्या खोल्या मी भाडेकरू निवडून दिल्या. आडनाव ऐकून शहरभर परत पाठवलेली परिचारिका. साफसफाई खात्यातला मुकादम. आमच्यातलाच एक मास्तर, बायकोमुलांसह. संध्याकाळी ही माणसे पायरीवर बसू लागली, मोठ्याने बोलू लागली. समोरच्या खिडक्या बंद होऊ लागल्या. मला त्याचा आनंद झाला. तो मी लपवला नाही.

एके दिवशी संचालक चालत आले. वय झाले होते.

“पावणं, गल्लीत आमच्या लेकीबाळी हाईत. भाडेकरू जरा बघून ठेवा की.”

“बघूनच ठेवतो,” मी म्हणालो.

ते बराच वेळ उभे राहिले. मी बसा म्हणालो नाही.

त्याच वर्षी गल्लीतले आणखी एक घर विकायला निघाले. मी संचालकांच्या दारासमोरचे घर गहाण टाकले आणि ते घेतले. आता मी म्हातारा आहे, हप्ते अजून चालू आहेत. मुले म्हणतात, आता पुरे. मी त्यांना सांगितले आहे : त्या गल्लीत जे घर विकायला निघेल, ते आपण घ्यायचे. क्षमा मी केलेली नाही. तुम्हीही करू नका.