कार्डाला आवाज नसतो

माझा मामा तोंडाचा फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की भाचीनं मामाला देव्हाऱ्यात बसवलं. तो गिऱ्हाइकांवर खेकसतो. चहा गार झाला म्हणून मामीवर चिडतो आणि मग तोच गार चहा पितो. मी शाळा सोडली तेव्हा अख्ख्या घरानं मला धारेवर धरलं होतं. हा एकटा म्हणाला, "घरात माश्या मारण्यापेक्षा दुकानात येऊन मार." तेव्हापासून मी त्याच्या काउंटरवर आहे. मला तो भिंगरी म्हणतो, कारण माझं बूड एका जागी टिकत नाही.

काउंटर म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातली जिन्याखालची जागा. नीट उभं राहिलं की डोकं पायरीला आपटतं. एक टेबल, दोन लॅपटॉप आणि टेबलावर अंथरलेलं पांढरं फडकं, कारण नखाएवढं कार्ड एकदा खाली पडलं की गेलं. मामाचं काम एकच. खिशात मावणारे ते महागडे प्लेअर असतात ना, फोन नव्हे, फक्त गाणी वाजवणारे, एकदम भारी आवाजाचे, त्यांच्यासाठी मेमरी कार्ड निवडून द्यायचं, त्यात गाणी भरायची आणि सगळं लावून द्यायचं.

लोकांना वाटतं, यात काय एवढं? कार्ड घ्या, गाणी टाका, खुपसा. मग तेच लोक तोंड पाडून परत येतात. बाजारात खोटी कार्डं बक्कळ आहेत. वर छापलेली जागा एक आणि आत तिच्या पावपटही नसते. कार्ड प्लेअरला थाप मारतं की भरपूर जागा आहे, आणि मग नवं गाणं जुन्याच्या छातीवर लिहीत सुटतं. म्हणून मामा प्रत्येक कार्ड आधी काहीतरी फालतू टाकून काठोकाठ भरतो, ते सगळं परत वाचून बघतो आणि मगच विकतो. याला वेळ लागतो. गिऱ्हाईक चुळबुळ करतं. मामा म्हणतो, "घाई असेल तर शेजारी जा. तिथं रडायला लगेच मिळतं."

मग कार्ड त्या गिऱ्हाइकाच्याच प्लेअरमध्ये घालून तिथंच फॉरमॅट करायचं, म्हणजे प्लेअर नंतर नखरे करत नाही. गाण्यांच्या नावापुढचे आकडे शून्य लावून लिहायचे, नाहीतर पहिल्यानंतर डायरेक्ट दहावं वाजतं. कव्हरचे फोटो लहान करायचे, नाहीतर प्लेअर धापा टाकतो. फार पळणारं कार्ड मामा कुणाला घेऊ देत नाही. "ते कॅमेरेवाल्यांना लागतं. गाणं काय पळत पळत ऐकायचंय का?" हे सगळं मी त्याच्याकडून शिव्या खात शिकले. आता मी त्याच्याइतकंच चोख करते, पण हे तो मेला तरी म्हणणार नाही.

अजून एक सांगायचं. मामाचा डावा कान पूर्ण गेलाय. तरणा असताना तो पत्रे दाबायच्या कारखान्यात होता आणि मशीन त्याच्या डाव्या हाताला. मालकानं कानात घालायला कापूस दिला होता, एवढीच त्याची माया. उजवा कान ठीक आहे. पण बाजारात कुणाला पत्ता नाही. मामा काउंटरवर अशा बेतानं बसतो की डावीकडे भिंत येते. गाण्याच्या धंद्यातला माणूस बहिरा आहे हे कळलं तर कोण उभं करेल?

आता मंडळाचं सांगते. शहरात गाणी ऐकणाऱ्यांचं एक मंडळ आहे. डॉक्टर, वकील, मोठे अधिकारी. महिन्यातून एकदा अध्यक्षांच्या घरी जमतात, हेडफोन लावतात आणि डोळे मिटून मान हलवतात. आमचं घर या मंडळावर चालतं. त्यातला प्रत्येक माणूस कार्ड मामाकडूनच घ्यायचा. बाकी फुटकळ गिऱ्हाइकांवर आमचं चहापाणीसुद्धा सुटलं नसतं.

एक दिवस अध्यक्ष स्वतः जिन्याखाली आले. हातात लाकडी डबी. आत एक कार्ड, त्यावर सोनेरी चकती चिकटवलेली.

"हे मी खास करून घेतलंय," ते म्हणाले. "यातून आवाज उबदार येतो. साध्या कार्डात तो कोरडा वाटतो. आता हे आपण सगळ्यांना द्यायचं, तुमच्या काउंटरवरून."

मामानं कार्ड नखावर धरून उलटंपालटं केलं. "चकतीखाली काय आहे?"

"ते महत्त्वाचं नाही. आवाज महत्त्वाचा."

"साहेब, कार्डाला आवाज नसतो. आत आकडे असतात. चिठ्ठी पोस्टमननं सायकलवरून आणली काय नि मोटारीतून आणली काय, मजकूर तोच."

"तुम्ही ऐकून तरी बघा."

"ऐकायचं काय त्यात? उद्या म्हणाल पिशवी चांगली असली की साखर जास्त गोड."

मला हसू फुटलं. अध्यक्षांना नाही फुटलं. डबी बंद करत ते थंडपणे म्हणाले, "लोक तुम्हाला मानतात. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की फरक आहे. नसेल जमत तर मंडळाला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी मामीनं कपाळाला हात लावला. "अहो, एक वाक्य तर आहे. बोलून तोंड झिजणार आहे का तुमचं?"

"झिजेल."

"आणि चूल? ती काय तुमच्या तत्त्वावर पेटणार?"

मी मध्ये तोंड घातलं, "मामी, तो माणूस चक्क फसवतोय."

"तू गप बस गं. तुला काय, आज इथं, उद्या तिथं. मला याच घरात राहायचंय."

तिचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

मामानं मग त्याच्या पद्धतीनं उत्तर काढलं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत पैज लावली. एकाच जातीचे दोन प्लेअर, तीच गाणी, एकात सोनेरी कार्ड, दुसऱ्यात साधं. दोन्ही फडक्याखाली झाकलेले. कुठल्यात काय आहे ते फक्त मला माहीत आणि मी पडद्यामागे. एकेकानं ऐकायचं आणि सोनेरी कुठलं ते कागदावर लिहायचं. अध्यक्ष छाती काढून तयार झाले. त्या माणसाला खरंच फरक ऐकू यायचा, हे मला तेव्हा कळलं. चोर असता तर परवडला असता.

अध्यक्षांच्या घरी गुबगुबीत गालिचा, भिंतीभर कपाटं. सगळे डोळे मिटून ऐकत होते. एक डॉक्टरबाई तर म्हणाल्या, "पहिल्यात गायिका माझ्या समोर बसलीये." पहिल्यात साधं कार्ड होतं. कागद उघडले तर निम्म्याहून जास्त लोक चुकलेले. बाकीचे अंदाजपंचे. खुद्द अध्यक्षांनी साध्या कार्डासमोर लिहिलं होतं, "हेच. काय ऊब आहे!"

एका गृहस्थाला उगाच खोकला आला. वकीलकाका, हे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, चष्मा पुसत बसले. मी पडद्यामागून बाहेर आले. वाटलं, संपलं, जिंकलो. मामा खाली बसून प्लेअरमधून कार्डं काढायला लागला. पाठ सगळ्यांकडे.

अध्यक्ष उठले. मामाच्या डाव्या अंगाला गेले आणि हळूच म्हणाले, "चहात साखर चालेल ना तुम्हाला?"

मामा कार्ड काढतोय.

"साखर चालेल ना?" परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. आता सगळे बघत होते. मी धावत जाऊन मामाच्या खांद्याला हात लावला, पण व्हायचं ते झालं होतं.

"अरे, यांना ऐकूच येत नाही!" अध्यक्ष म्हणाले.

त्यांना आधीपासून माहीत होतं की तेव्हाच शंका आली, देव जाणे. पण मी त्या लोकांची तोंडं पाहिली. अगदी जवळून पाहिली. इतका वेळ लाजेनं आखडलेली तोंडं सैल पडली. कुणीतरी हसलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "म्हणजे आपण आपले कान यांच्याकडून तपासून घेतले?" मग सगळेच हसले.

माझं टाळकं सरकलं. "चुकलात तुम्ही! कागद अजून तिथंच पडलेत, वाचा की! त्याला ऐकू येवो नाहीतर न येवो, लिहिलंय तुम्ही!"

"बाळ, शांत हो," अध्यक्ष म्हणाले. कुणी बाळ म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मामा उभा राहिला. "डावा गेलाय. उजवा आहे. आणि आज मी काहीच ऐकलेलं नाही. ऐकलंय तुम्ही."

पण तोवर चहा आला होता. कप वाजत होते. कागद ट्रेखाली दबले, एकावर बशी ठेवली कुणीतरी.

त्यानंतर जिन्याखाली शुकशुकाट. बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारचा दुकानदार मुद्दाम ओरडून नमस्कार करायला लागला, मी त्याच्या गल्ल्यावर पेचकस आपटून आले. मामी कुणाच्या तरी शिवणकामाचे कपडे घरी आणायला लागली. ती टोमणे मारायचीसुद्धा थांबली आणि ते जास्त लागत होतं. मामा रोज फडकं झटकून अंथरायचा आणि बसायचा.

मग एका दुपारी वकीलकाका आले. इकडेतिकडे बघत, जसं काही चोरीचा माल घ्यायला आलेत.

"तुमचंच बरोबर होतं हो," ते हळू आवाजात म्हणाले. मामाच्या उजव्या बाजूला उभे राहून. "मला त्याच दिवशी पटलं."

"मग तिथं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"पोरी, त्या लोकांत उठणंबसणं आहे माझं." मग मामाला म्हणाले, "एक मार्ग आहे. पुढच्या बैठकीला या. एवढंच सांगा, की माझा कान गेलाय, त्यामुळे मला फरक ऐकू येणं शक्य नाही. बस. सगळे परत येतील. त्यांनाही अडचणच आहे, दुसऱ्यानं लावलेली कार्डं नीट चालत नाहीत."

"म्हणजे अडचण तुमची, नि नाक घासायचं त्यानं?" मी म्हणाले.

"भिंगरे, चहा सांग," मामा म्हणाला. म्हणजे मला तिथून घालवलं.

घरी मी सरळ सांगितलं, "गेलास तर मी परत काउंटरवर येणार नाही." मामी शिलाई मशीनवरून उठलीच नाही. नुसती म्हणाली, "दोरा संपलाय, उद्या आणावा लागेल." मामानं तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

तो गेला. मीही गेले, कारण त्याला तिथं एकटं सोडणार कोण? त्याच गालिच्यावर उभं राहून तो म्हणाला, "माझा एक कान निकामी आहे. मला फरक ऐकू येणं शक्य नाही. तुम्हाला येत असेल."

टाळ्या वाजल्या. खोटं सांगत नाही, टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात प्रामाणिकपणा." डॉक्टरबाईंनी डोळे पुसले. एका चांगल्या कानाच्या डॉक्टरांचं नावसुद्धा सांगितलं.

परतताना रस्त्यात मी तोंड शिवून घेतलं होतं. शेवटी मामाच म्हणाला, "खोटं कुठं बोललो? एकेक शब्द खरा होता."

"म्हणून तर."



गिऱ्हाईक परत आलं. फळीवर लाकडी डब्या आल्या. मामा तीही कार्डं काठोकाठ भरून तपासतो. पास होतात. साधी, चांगली कार्डं आहेत ती, वर चकती चिकटवलेली. मामीनं शिवणकाम सोडलं. घरात परत भांडणं सुरू झाली, म्हणजे सगळं ठीक आहे. मी काउंटर सोडणार होते, सोडला नाही. मी गेले तर शेजारच्याला कोण गप्प करणार?

परवा एक मुलगी आली. माझ्याच वयाची, कॉलेजची बॅग, हातात कुणाचा तरी जुना प्लेअर, कोपरे घासलेले. तिनं तो मामासमोर असा ठेवला, जसं पाखरू आहे.

"काका, यात कुठल्या कार्डाचा आवाज सगळ्यात चांगला येईल?"

मी हातातलं काम थांबवलं. आधीचा मामा असता तर जिना हादरला असता. साखर, पिशवी, पोस्टमन, सगळं ऐकवलं असतं तिला.

"मला विचारू नका," मामा म्हणाला. "मला कमी ऐकू येतं." आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

मी पटकन साधं कार्ड पुढे केलं. "हे घे. आवाज प्लेअरचा असतो, हेडफोनचा असतो. कार्डाचा काही संबंध नाही."

तिनं फळीकडे पाहिलं. "मग ती डबीतली का ठेवलीत?"

मी मामाकडे बघितलं. त्याचा उजवा कान आमच्याकडेच होता, सगळं ऐकू जात होतं त्याला. वर पाहील असं वाटलं. नाही पाहिलं.

"काका काही बोलत नाहीत, म्हणजे असेल काहीतरी," ती म्हणाली, आणि पर्समधून चुरगळलेल्या नोटा काढून डबी घेतली.

मामानं ते कार्ड तिच्या प्लेअरमध्ये फॉरमॅट केलं. तिची गाणी भरली. आकड्यांपुढे शून्यं लावली, फोटो लहान केले, एकही गाणं इकडचं तिकडं होऊ दिलं नाही. ती खूश होऊन गेली.

मामाला नावं ठेवणाऱ्याचे दात मी आजही घशात घालीन. पण त्या दिवशी घरी जाताना मी त्याच्या मागून चालले. त्यानं दोनदा थांबून वाट बघितली. मीही थांबले.